कोंडाबाईंचा दाभण आणि आमचं संशोधन

बारा लंगड्या बैलांपैकी कोणाला कुठं टोचलंय हे पुढं ओळखू यावं म्हणून मी त्यांच्या शिंगांच्या टोकांना रंग लावला, आणि पोळा नऊ दिवसांवर आला होता.

एवढं वाचून जे हसले ते शेतकऱ्याच्या घरचे. जे हसले नाहीत ते माझ्या पंथाचे. त्यांच्यासाठी पुढचं लिहितो.

मी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. घर तुळजापूरचं, वडील कचेरीत कारकून, दूध घरात यायचं ते लोट्यातून. गाईला चार पाय असतात हे पुस्तकात वाचलं होतं. ते चारही तिला मारता येतात हे भूमजवळच्या ईट गावी नेमणूक झाल्यावर कळलं. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. दवाखान्यावर नवी मराठी पाटी लागली होती, पण म्हातारी माणसं निजामाच्या काळातल्यासारखी 'सालोत्रीकडं जातो' असंच म्हणायची. सालोत्री म्हणजे जनावरांचा वैद्य. त्या हिशेबानं मी सालोत्रीचं शेपूट.

आमचं काम थोडक्यात सांगतो. बैलाचं तोंड वर धरायचं, बांबूचं नळकांडं जबड्याच्या कडेनं आत सारायचं आणि औषध सावकाश ओतायचं. घाई केली तर औषध फुप्फुसात जातं. सावकाश केलं तर बैलाला विचार करायला वेळ मिळतो, आणि विचार करून तो औषध तुमच्या बाहीत सोडतो. पहिल्या वर्षी माझे सगळे सदरे डाव्या बाहीला तपकिरी होते.

गिऱ्हाइकंही एकेक. एक गृहस्थ तीन कोस चालत आले, म्हशीला खोकला म्हणून.

"म्हैस कुठाय?"

"यीना की! म्हनून मीच आलो."

मग त्यांनी दवाखान्याच्या ओसरीवर दोन्ही हात जमिनीला टेकले आणि म्हैस कशी खोकते ते हुबेहूब करून दाखवलं. मला तो खोकला इतका पटला की मी औषध करून दिलं. बाटली हातात घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "ह्ये तिला पाजू का मी घिऊ?" आणि मी, देवाशपथ सांगतो, लेबल बघायला बाटली परत मागितली.

तर अशा दवाखान्यात डॉक्टर पानसे आले. पुण्याकडचे, तरुण, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माणूस हुशार होता आणि त्याला एक रोग होता. प्रत्येक गोष्टीला तो 'असं का?' विचारायचा. बैल बरा झाला की बाकीचे डॉक्टर हात धुतात. आमचे साहेब वही काढायचे.

पहिला 'असं का' भूमच्या बशीरभाईंच्या टांग्याच्या घोड्यावरून निघाला. घोड्याच्या मांडीला तार लागून कातडं फाटलं होतं. घोडा कुणाला जवळ येऊ देईना. बशीरभाईंनी काठीला दोरीचा फास केला, घोड्याचा वरचा ओठ त्यात धरला आणि पिळला. पाहता पाहता घोडा डोळे मिटून उभा राहिला. साहेबांनी नऊ टाके घातले. मांडीत सुई जातेय आणि हा डुलतोय!

बशीरभाई घोडा घेऊन चहाला गेले आणि साहेब येरझाऱ्या घालू लागले. "जोशी, ओठ पिळल्यावर मांडीचं दुखणं जातं कुठं?"

"ओठाकडं जात असेल, साहेब."

"बसा खुर्चीवर."

साहेबांनी टाके घालायच्या चिमट्याला कापूस गुंडाळला आणि तो माझ्या वरच्या ओठाला लावून दिला. मग टाचणीनं माझ्या तळहाताला टोचायला सुरुवात केली. "आता दुखतं? आता? आधीपेक्षा कमी की जास्त?" ओठ चिमट्यात असताना 'जास्त' म्हणून बघा. मी जे काही म्हणत होतो ते साहेब 'कमी' असं लिहून घेत होते. तेवढ्यात बशीरभाई विसरलेला चाबूक न्यायला परत आले. माझा वर ओढलेला ओठ, डोळ्यातलं पाणी आणि साहेबांच्या हातातली टाचणी पाहून ते दारातच थबकले.

"इनकू नाल ठोकते क्या साब?"

त्यानंतर मी भूमला कधी टांग्यात बसलो नाही.

साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की चिनी वैद्य अंगात ठरावीक जागी बारीक सुया टोचून दूरच्या जागेचं दुखणं घालवतात, आणि ते कसं घडतं हे कुणालाच नीट उलगडलेलं नाही. ते मासिक त्यांच्या उशाशी असायचं. अशात त्यांना कोंडाबाईंचा पत्ता लागला.

कोंडाबाई ईटच्याच. नवरा-बायको दोघंच, थोडी जमीन, एक बैलजोडी. नवरा फार बोलायचा नाही. त्याच्या वाटणीचंही त्याच बोलायच्या. मागच्या पायानं लंगडणारा बैल त्यांच्याकडं नेला की त्या दुखऱ्या अंगाच्या कमरेच्या हाडापासून बोटं मोजत खाली यायच्या, एका जागी थांबायच्या आणि पोती शिवायचा दाभण विस्तवात तापवून, गार करून, हळद लावून नखाएवढा आत सारायच्या. एकदाच. घेणं काही नाही. बैल बरा व्हायचा, निदान मालक तसं सांगायचा.

साहेब मला घेऊन त्यांच्या दारात गेले.

"मावशी, तुम्ही टोचता तेव्हा आत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"दुखणं एका जागी ठाण मांडून बसलेलं असतंय," कोंडाबाई म्हणाल्या. "त्येला म्हनायचं, ऊठ बाबा, लई बसलास. दुसरं काय?"

साहेबांनी हेही लिहून घेतलं. परत येताना म्हणाले, "जोशी, चार शक्यता आहेत. सुईचा परिणाम मज्जातंतूंवर होतो, रक्तावर होतो, बैलाच्या मनावर होतो किंवा मालकाच्या."

"मालकाच्या?"

"लंगडतो बैल. पण 'आता बरा हाय' हे सांगतो कोण?"

या वाक्यावर मी नोकरीभर विचार केला आहे. माणसांच्या दवाखान्यातही ते लागू पडतं असं माझं मत आहे, पण तो माझा विभाग नव्हे.

साहेबांचा बेत असा ठरला. बारा लंगडे बैल घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. चारांना कोंडाबाईंच्या जागी टोचायचं, चारांना मुद्दाम चार बोटं खाली, आणि चारांना नुसता हात लावून सोडायचं. कोणत्या बैलाला काय केलं ते मालकाला कळता कामा नये आणि तपासणाऱ्या साहेबांनाही कळता कामा नये. पंधरा दिवस बाराही बैलांना जुंपायचं नाही. मग ते चालवून पाहायचे. कोंडाबाईंनी स्वतः टोचलं असतं तर त्यांना पाहूनच मालक निम्मे बरे झाले असते. म्हणून टोचायचं मी, दार लावून, एकट्यानं.

कोंडाबाईंनी मला शिकवलं. आधी पेंडीच्या पोत्यावर, मग त्यांच्या दारातल्या एका गरीब गाईवर. माझं मनगट धरून त्या म्हणायच्या, "बोटं मोजत ये. जिथं कातडं आपसूक थरथरतंय तिथं थांब. अरं, तुझं कातडं न्हाय, गाईचं!"

बैल जमले अकरा. बारावा काही मिळेना. कोंडाबाई म्हणाल्या, "माझा चंद्र्या घ्या. कालपासनं लंगडतोय."

"पण मावशी, चिठ्ठीत काय निघेल सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "खोटी जागाही निघेल. आणि पंधरा दिवस तुम्ही त्याला दाभण लावायचा नाही."

त्यांनी चंद्र्याकडं पाहिलं. पोळा झाला की शेताची तयारी, मग ज्वारीची पेरणी. जोडीतला एक बैल अधू म्हणजे पेरणी दुसऱ्याच्या दयेवर.

"दिलं वचन," त्या म्हणाल्या. "माझी जागा खरी हाय का न्हाय, मलाबी बघायचंय."

ठरल्या दिवशी मी एकेक बैल खोड्यात घेतला. खोडा म्हणजे जनावर हलू नये म्हणून रोवलेला लाकडी सांगाडा. डब्यातून चिठ्ठी काढायची, ती सांगेल तसं करायचं, चिठ्ठी चुलीत टाकायची, पुढचा बैल. साहेबांनी बजावलं होतं, नावं लिहू नका, नावं वाचली की तपासताना मन ओढ घेतं. मी आज्ञाधारक. नावं लिहिली नाहीत. वहीत तीनच ओळी लिहिल्या: लाल शिंग, खरी जागा. हिरवं शिंग, खोटी जागा. पिवळं शिंग, नुसता हात. आणि त्याप्रमाणे शिंगांची टोकं रंगवली.

रंग मी गावातल्या दुकानातून आणला होता. दुकानदारानं शिंगांच्या रंगाचे डबे ओळीनं मांडून ठेवले होते. "आत्ताच कशाला, कंपोंडर?" तो म्हणाला. "समद्यांच्या संगंच न्या की."

"सरकारी काम आहे," मी म्हणालो, आणि तोऱ्यात बाहेर पडलो.

त्याच दिवशी मी रजेचा अर्ज दिला. कारण, पोळा. आईच्या हातच्या पुरणपोळ्या.

आमच्या तुळजापूरच्या घरी पोळ्याला मातीचे बैल पाटावर मांडून पुजायचे. मी पाटासमोर बसलो होतो. आईनं कुंकवात बोट बुडवलं आणि मातीच्या बैलाच्या शिंगाला लावलं. एका शिंगाला, मग दुसऱ्या शिंगाला. माझ्या हातातली फुलं खाली पडली.

"काय रे?" आई म्हणाली.

"शिंगं रंगवतात," मी म्हणालो.

"मग काय शेपूट रंगवतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. वाटेवरचा प्रत्येक बैल लखलखत होता. निळी शिंगं, गुलाबी शिंगं, त्यावर सोनेरी नागमोडी रेघा, बेगड. ईटमध्ये तर एका बैलाचं एक शिंग लाल आणि एक हिरवं होतं. आमच्या वहीप्रमाणे त्याला एकाच वेळी खऱ्या आणि खोट्या जागी टोचलेलं होतं.

साहेबांना सांगायचा धीर झाला नाही. मी चाकू घेऊन आमच्या बारांपैकी एकाच्या गोठ्यात गेलो आणि मालकाला सांगितलं, शिंगाला कीड लागलीय का बघतो. काही जण पोळ्याला शिंगं तासून मग रंगवतात, काही तशीच वर हात मारतात. यानं तशीच रंगवली होती, म्हणून मला आशा. वरचा गुलाबी खरवडला, खाली निळा निघाला. निळ्याखाली हिरवा. हा माझा? पण हिरव्याखाली आणखी लाल होता, आणि त्याखाली पिवळा. मालकानं यंदा किती हात मारले होते कोण जाणे; पाच पोळे मागं गेलो तरी माझा रंग कोणता ते कळेना. सहाव्या पोळ्यापाशी बैलानं मान हलवली आणि मी शेणाच्या पाट्यांत बसलो.

"सायेब," मालक मला उठवत म्हणाला, "शिंग लांबनं बघायचं असतंय."

पंधरावा दिवस आला. दवाखान्यासमोर बाराही बैल चालवले. आठ सरळ चालले, चार लंगडले. त्या चारांत चंद्र्या होता. साहेब माझ्याकडं वळले.

"काढा वही, जोशी."

मी काढली. त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. मग बैलांच्या शिंगांकडं पाहिलं. मग पुन्हा वहीकडं. चष्मा काढून पुसला.

"आणि बैलांची नावं?"

"तुम्हीच म्हणालात, नावं लिहू नका."

"माझ्या कागदावर लिहू नका म्हणालो होतो, जोशी. तुमच्या नाही."

मालक आपापले बैल घेऊन पांगले. कोंडाबाई मात्र चंद्र्याची वेसण धरून उभ्या होत्या.

"मला येकच सांग, कंपोंडरा," त्या म्हणाल्या. "माझ्या चंद्र्याला कुठं टोचलंस? माझ्या जागी का खालती?"

हा प्रश्न साधा नव्हता. त्यांच्या शास्त्रात एका जागी एका मोसमात एकदाच टोचायचं. दुसऱ्यांदा टोचलं तर पाय वाळतो. खऱ्या जागी टोचूनही चंद्र्या लंगडत असेल तर आता त्याला बाजार दाखवायचा, पेरणीआधी दुसरा बैल बघायचा. खोट्या जागी टोचलं असेल तर त्यांचा दाभण अजून बाकी होता. चंद्र्या राहणार की जाणार, ते माझ्या उत्तरावर होतं. आणि मला तो बारा बैलांत कितवा होता हेसुद्धा आठवत नव्हतं. खोड्यात उभं राहिलं की सगळ्यांचे पुठ्ठे सारखेच.

चंद्र्या त्यांचा पदर चघळत होता.

"खोटी जागा, मावशी," मी म्हणालो. "चार बोटं खाली. पक्कं आठवतंय."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्या चंद्र्याला घेऊन घरी गेल्या आणि त्याच दिवशी त्याला दाभण लावला.

इकडं साहेब उजळले. "एक तरी आठवतोय तुम्हाला!"

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मला माहीत. खरी जागा आधीच टोचलेली असेल तर चंद्र्याचा पाय वाळणार आणि तो माझ्यामुळं. मी रोज काही निमित्त काढून त्यांच्या गोठ्यावरून जायचो. एकदा कोणी नाही असं पाहून पट्टीच्या कापडानं चंद्र्याची मांडीही मोजली. कोंडाबाईंच्या नवऱ्यानं ते पाहिलं. त्या दिवसापासून मी दिसलो की तो बैलाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहायचा.

पाय वाळला नाही. उलट चंद्र्या दिवसागणिक सरळ चालू लागला. साहेबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी वरच्या कचेरीसाठी अहवाल लिहायला घेतला: बाकीच्या अकरांची नोंद दुर्दैवानं नष्ट झाली, परंतु चंद्र्या नावाच्या बैलास खोट्या जागी टोचून गुण आला नाही, आणि खऱ्या जागी टोचताच आला. सगळा अहवाल माझ्या थापेवर उभा होता.

पुढं कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्रांत मी वाचलं की सुया टोचून दुखणं कमी कसं होतं याचा मोठमोठे शास्त्रज्ञ शोध घेताहेत. मेंदू स्वतःच वेदना मारणारं काही द्रव्य तयार करतो म्हणे. आणि खरी सुई, खोटी सुई अशा चिठ्ठ्या टाकून तपासण्याही करतात म्हणे. आमच्या साहेबांनी ईटच्या दवाखान्यात नेमकं तेच मांडलं होतं. कमी पडली ती बारा नावं, आणि ती लिहायला मला पाव कागद पुरला असता.

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, चंद्र्याला कामावर एकदा बघून येऊ. कोंडाबाईंच्या शेतात ज्वारीची पेरणी चालली होती. नवरा बैल हाकत होता, त्या मागून चालत तिफणीच्या चाड्यात मुठीनं बी सोडत होत्या. चंद्र्या खाली मान घालून, एका लयीत, सरळ ओढत होता. साहेब बांधावर उभे राहून पाहत राहिले. मला राहवलं नाही.

"साहेब, मी खोटं बोललो. चंद्र्याला कुठं टोचलं ते मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही."

साहेबांनी खिशातून अहवाल काढला, उलगडला, पाहिला, पुन्हा घडी घातली. "बारांतून एक उरला होता," ते म्हणाले. "तोही गेला."

तिफण बांधापाशी येऊन थांबली. कोंडाबाईंनी सगळं ऐकलं होतं. मी हात जोडले. "मावशी, चुकलो. तुमचा बैल वाचावा म्हणून बोललो."

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पोळ्याला धुतला तवाच बघितलं म्या. टोचल्याची खपली उजव्या पुठ्ठ्यावर व्हती. आन् बैल लंगडत व्हता डाव्या पायानं."

मी चंद्र्याकडं पाहिलं. मग दवाखान्यातला तो खोडा माझ्या डोळ्यासमोर आला. तो डाव्या बाजूनं भिंतीला टेकवून रोवलेला होता. त्या अंगाला माणूस उभाच राहू शकत नव्हता. चिठ्ठी काहीही निघो, टोचलं होतं ते मी उजवीकडंच.

"मग त्या दिवशी मला विचारलंत कशाला?"

"खरं बोलतोस का बघत व्हते."

साहेबांचा चेहरा मात्र अचानक फुलला. त्यांनी अहवाल उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली. "थांबा, थांबा! म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला टोचलेले बैलही यात आहेत! हे तर फारच महत्त्वाचं आहे. जोशी, बाकीचे अकरा कोणकोणत्या पायानं लंगडत होते?"

मी पेरलेल्या सरीकडं पाहू लागलो.

कोंडाबाईंनी पदराला हात पुसले, चाड्यात नवी मूठ घेतली आणि म्हणाल्या, "सायेब, फुडल्या बारीला बैल ह्येच घ्या. माणूस बदला."